फळ्यांखालचं पाणी

माझं कुणी खरं मानलं नाही. आधी तेवढं सांगते, मग बाकीचं. माझ्या डोक्यावरचं लाकूड रोज कण्हत होतं, आणि वरची माणसं म्हणत होती, घूस असेल. घूस! दर रविवारी भक्तीच्या वेळेला येऊन बरोबर पाळकाच्या पायाखाली बसणारी घूस कुणी बघितली आहे का?

मी टाकी बोलतेय. बाप्तिस्म्याची टाकी. कुरुळीच्या अलीकडं, कंपन्यांच्या पत्र्याच्या भिंती संपून चाळी सुरू होतात तिथं आमचं एनोन बाप्टिस्ट चर्च आहे. त्याच्या व्यासपीठाखाली मला खणलेली आहे. वरून बघाल तर मी दिसायची नाही. दिसायचा तो लाल गालिचा, त्यावर खुर्च्या, मधोमध पाळकाचा पुलपिट, म्हणजे उपदेशाला उभं राहायचं उंच लाकडी मेज. नव्या माणसाला पत्ताही नसायचा की उपदेश चाललाय त्याच्या खाली छातीभर पाणी आहे.

माझं शिक्षण विचाराल तर बेताचंच. रविवारच्या शाळेची बारकी पोरं माझ्या डोक्यावर बसायची, मोठी बाहेर लिंबाखाली. म्हणून बारक्यांचं तेवढंच मला येतं. गोल गोल बोलायला मला कुणी शिकवलं नाही. सरळ बोलते. राग आला तर येऊ द्या.

मला बांधवून घेतलं रंगरावानं. सोलापूरकडचा फिटर. कंपन्या नव्यानं उभ्या राहत होत्या तेव्हा पोटासाठी आला, चाळीत एक खोली घेतली आणि त्या खोलीतच प्रार्थना सुरू केली. शिफ्ट सुटली की ग्रीस लागलेल्या हातांची माणसं येऊन बसायची. पेटी नव्हती, तर रंगराव पत्र्याच्या डब्यावर ताल धरायचा आणि शेजारीण भिंतीवर लाटणं आपटायची. असं आमचं चर्च सुरू झालं. पुढं जागा मिळाली, चार भिंती झाल्या, पत्रे पडले.

बाकीच्या चर्चांत तान्ह्या बाळाच्या कपाळावर थेंब टाकले की काम झालं. आमच्याकडं तसं चालत नाही. माणूस शहाणा व्हावा लागतो, स्वतःच्या तोंडानं हो म्हणावं लागतं, आणि मग त्याला अख्खा पाण्यात घालतात. डोक्यावरचा केससुद्धा कोरडा राहता कामा नये. खाली जाणं म्हणजे मरणं आणि वर येणं म्हणजे नवा जन्म. आधी हे नदीवर व्हायचं. मग नदीचं पाणी तोंडाला लावायच्या लायकीचं राहिलं नाही. एक बाई नवा जन्म घेऊन वर आली ती अंग खाजवतच घरी गेली. तेव्हा रंगराव म्हणाला, आता आपलं पाणी आपणच ठेवायचं.

त्यानं चांदभाई मिस्त्रीला बोलावलं. चांदभाई नमाजी माणूस, पण हात असा की थापी फिरवली की भिंत आरशासारखी. रंगरावानं त्याला समजावलं, की दोन बाजूंना, बाजूच्या खोल्यांतून पायऱ्या पाहिजेत. एकीकडून उतरायचं, दुसरीकडून चढायचं. आल्या वाटेनं परत जायचं नाही.

"म्हणजे उतरणारा वेगळा आणि चढणारा वेगळा. कळलं," चांदभाई म्हणाला. "पण रंगराव, तळ मी खरबरीत ठेवणार. उद्या कुणाचा पाय घसरला तर तुमची सगळी मंडळी माझ्या नावानं बोंबलतील."

"आमची मंडळी तशी नाहीत," रंगराव म्हणाला.

चांदभाई नुसता हसला. मी ते हसू अजून विसरले नाही.

माझ्यावर झाकायला रंगरावानं मोडीतून सागवानी फळ्या आणल्या. एकेक फळी उचलायला दोन गडी लागायचे. आणि त्यानं एक रीत घालून दिली. बाप्तिस्मा झाला की सगळं पाणी उपसून टाकायचं, फळ्या अंगणात उन्हात टाकायच्या, मी ठणठणीत कोरडी झाले की मगच परत झाकायचं. ओल्या तोंडावर झाकण ठेवायचं नाही. लोक त्या दिवसाला 'फळ्यांचं ऊन' म्हणायचे. बाप्ये फळ्या वाहायचे, बाया अंगणातच खिचडीचं पातेलं चढवायच्या, पोरं गरम फळ्यांवर उताणी पडायची. मी आत उघडी, माझ्या तळाला ऊन लागायचं. सुख म्हणजे काय, ते मला तेवढंच ठाऊक आहे.

पण भीती मला पहिल्या दिवसापासून होती, ती लपवत नाही. माणूस पाठीवर पाण्यात जातो, नाकावर रुमाल, पाळकाचा एक हात पाठीखाली. तो वर येईपर्यंत माझा जीव टांगलेला असायचा. मी पाणी धरणारी. मला वाटायचं, एखाद दिवशी एखादं माणूस खाली येईल आणि माझ्यातून वर जाणारच नाही. तसं झालं तर मी टाकी नाही राहणार, खड्डा होईन.

कौशल्याबाई माझ्यात उतरली तेव्हा तर मी घाबरून गेले होते. बीडकडची बाई, नवऱ्यामागं इकडं आलेली. नवरा गेला आणि ती चर्चच्या मागच्या खोलीत राहून झाडलोट करायला लागली. लहानपणी तिची बहीण विहिरीत गेली होती, म्हणून पाणी बघितलं की ती मागं सरायची. लुगड्याचा काठ तरंगू नये म्हणून बायकांनी काठात वाळूच्या पुरचुंड्या बांधल्या होत्या, तर म्हणाली, अजून वजन कशाला, मी तशीच बुडंन. पाण्यात गेल्यावर तिनं पाळकाच्या नडगीवर अशी लाथ हाणली की तो पुढचे दोन रविवार लंगडत उपदेश करत होता. पण ती वर आली. आणि त्या दिवसापासून आम्ही दोघी एकमेकींना ओळखतो.

रंगराव गेला. माणसं जातात, त्याचं काही नाही. पण त्याच्याबरोबर रीतही गेली.

आजूबाजूला टॉवर उठले. बोअर आटली. नळाला एक दिवस आड पाणी, तेही करंगळीएवढं. टँकर मागवला तर ओतायचा कशात? चर्चच्या पंचांनी ठरवलं की खाली एवढी मोठी टाकी रिकामी पडली आहे, तीच बारा महिने भरून ठेवा. झालं. पंप बसला, आणि जिच्यात माणसं नवा जन्म घ्यायची तिच्यातून संडासाच्या बादल्या भरायला लागल्या. बाप्तिस्मे आता पुनावळ्याच्या पलीकडं एका फार्महाउसच्या निळ्या पोहण्याच्या हौदात होतात. माणूस वर आला की फोटो काढतात. माझी तक्रार त्याची नाही. माझी तक्रार ही, की माझ्या तोंडावर झाकण होतं आणि खाली रात्रंदिवस पाणी. वाफ जाणार कुठं?

सागवानानं तेही सोसलं असतं. पण सागवान राहिलंच नाही.

रंगरावाचा मुलगा विलास चर्चचा सेक्रेटरी झाला. एका कंपनीत स्टोअरला आहे. वाईट नाही तो, हे मी रागातसुद्धा सांगते. कुणाच्या घरी आजारपण आलं की पहिली गाडी त्याची. पण त्याला बापाचं नाव दिसायला पाहिजे होतं. बापानं सगळं खाली, जमिनीत करून ठेवलेलं. कुणाला दिसणार? म्हणून त्यानं ठरवलं, बापाच्या नावानं मोठा पुलपिट करायचा. आणि लाकूड? घरचंच होतं की! माझ्यावरच्या फळ्या काढल्या, रंधा मारला, आणि त्यांचा छातीएवढा पुलपिट केला. पुढं क्रूस कोरला आणि खाली संगमरवराची पाटी बसवली, बापाच्या स्मरणार्थ म्हणून. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्या मंडळीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांना माहीत होतं लाकूड कुठलं ते. चोरी नव्हती ती. लोकांच्या डोळ्यांदेखत झालं सगळं.

माझ्यावर काय घातलं? मशीन ज्या खोक्यांतून कंपनीत येतं, त्या खोक्यांचं पांढरं, हलकं लाकूड. इकडं त्याचे ढीग विकायला असतात. लोक त्याचे पलंग करतात, कोंबड्यांची खुराडी करतात. कोरडं राहिलं तर वाईट नाही. पण ते भिजतं पावासारखं. वरून गालिचा डिंकानं घट्ट चिकटवला, म्हणजे कुणी उचलून बघायचा प्रश्नच मिटला. आणि त्या पावावर तो सागवानी धोंडा उभा केला.

पहिल्याच वर्षी मला कळलं. फळ्यांच्या पोटाला बुरशी धरली. लाकडाचा भुगा माझ्या पाण्यावर तरंगायला लागला. आताचे पाळक शेखर तावातावानं बोलायला लागले की बुरंगाट पाऊस पडल्यासारखा तो भुगा पडायचा. मी करकरून सांगायचे. ऐकलं फक्त एका बाईनं.

कौशल्याबाई गालिचा झाडताना थांबली. टाचेनं दाबून बघितलं. मग गुडघ्यावर बसून कान लावला. भक्ती संपल्यावर तिनं पाळकांना आणि विलासला तिथंच गाठलं.

"फळ्या नरम पडायल्यात," ती म्हणाली. "पाय खाली जायलाय. खाली पाणी हाय, साहेब. लेकरं चढतेत इथं."

विलास चांगलं बोलला, तोच तर राग आहे. "मावशी, तो गालिच्याखालचा फोम आहे. मऊच असतो. मी स्वतः लोड बघून फळ्या टाकल्यात."

"फोम मला कळतो. मी काय आज झाडायले का?"

मागून कुणीतरी म्हणालं, मावशी, वजन कमी करा, फळ्या आपोआप कडक होतील. सगळे हसले. पाळक शेखर हसले नाहीत, पण म्हणाले की भीती मनात असली की पायाखालची जमीनसुद्धा हलल्यासारखी वाटते, तुमच्या बहिणीचं दुःख मला माहीत आहे, आपण प्रार्थना करू. आणि खरंच प्रार्थना केली. माझ्यावर उभं राहून, भिजलेल्या फळीवर. त्या प्रार्थनेचा भुगा माझ्यावर पडला.

त्या दिवसापासून कौशल्याबाई पुलपिटाच्या बाजूनं झाडायची, वर पाय देत नसे. आणि आपल्या नातीला, दिव्याला, तिनं बजावून ठेवलं होतं की गालिच्यावर चढायचं नाही, काही झालं तरी. पोर दुसरीत. गाणं म्हणायला पुढं यायची तर खालीच उभी राहायची. बाकीची पोरं चिडवायची, तुझी आजी येडी आहे, तिला गालिच्यात विहीर दिसते. मला ते ऐकू यायचं. मी म्हणायचे, बाळा, आजीचं ऐक. खाली विहीरच आहे. मी आहे.

मग झावळ्यांचा रविवार आला. ईस्टरच्या आधीचा. त्या दिवशी पोरं हातात झावळ्या घेऊन बाहेरून गात येतात, चर्चभर फिरतात आणि शेवटी व्यासपीठावर चढून होसान्ना म्हणत उड्या मारतात. उड्या! मी सकाळपासून थिजून होते. टँकर आदल्याच दिवशी ओतला होता, मी काठोकाठ भरलेली. बाहेर गाणं सुरू झालं, ते जवळ येत गेलं, आणि मग पावलं चढली. एक, अजून एक, मग सगळा थवा. खिळे ओले झालेले, ते लाकडातून सुटताना मला जाणवत होते. दिव्या खालीच होती. मी तिचा आवाज ओळखायचे. मग कुणीतरी म्हणालं, येडीची नात, येडीची नात. आणि ती चढली.

मोडल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. भिजलेलं लाकूड कडाडत नाही, फसकन बसतं. बाकीची पोरं मागं फेकली गेली. दिव्या खाली आली. आणि तिच्यामागं तो पुलपिट कलंडला आणि बरोबर भोकावर आडवा अडकला. गालिचा वरून पाण्यात लोंबला. आत अंधार झाला.

आता सांगते ते ऐका, कारण हे माझ्याशिवाय कुणी बघितलेलं नाही. ती माझ्या तळाला लागली. डोळे उघडे होते. झावळी तिनं सोडली नव्हती. वर जायला लागली तर डोक्यावर गालिचा, ओला, जड. तिनं त्याला हातानं ढकललं, तो तिच्याभोवती गुंडाळला. माझ्याच पाण्यात. मला हात नाहीत हो. मला खाली कुठं वाट करून द्यायला भोक नाही. माझं काम पाणी धरून ठेवायचं, आणि चांदभाईनं ते काम इतकं चोख केलेलं की एक थेंब हटत नव्हता. त्या क्षणी मी माझ्या मिस्त्रीला शिव्या दिल्या. भेग ठेवायची होतीस रे एक, म्हटलं, एक तरी ठेवायची होतीस.

वर सगळे पुलपिट ओढत होते आणि तो हलत नव्हता. कौशल्याबाईचा आवाज येत होता, शब्द नव्हते त्यात. मग बाजूच्या खोलीचं दार वाजलं. बाप्तिस्म्याला उतरायचं ते दार, तिथं हल्ली झाडू आणि रंगाचे डबे ठेवतात. डबे खडखडत पडले आणि पाळक शेखर झग्यासकट माझ्या पायऱ्या उतरून पाण्यात आले. चाचपडत गालिच्याखाली शिरले. त्यांच्या हातांना जे येत होतं तेच त्यांनी केलं, एक हात पोरीच्या पाठीखाली, एक नाकातोंडावर, आणि उचललं. समोरच्या पायऱ्यांनी वर नेलं. आल्या वाटेनं परत गेले नाहीत.

पोर उलटी करून तिच्यातलं पाणी काढलं. ते माझं पाणी होतं. ती खोकली तेव्हा मी पहिल्यांदा हलले.

जगली दिव्या. पण अजून आंघोळीला बसत नाही, आजी ओल्या फडक्यानं अंग पुसून देते. पाणी पिताना डोळे मिटते आणि पेला दोन्ही हातांनी धरते, जसा काही तो पेलाच तिला आत ओढणार आहे.

मग पुढच्या आठवड्यात बैठक बसली. चर्चमध्येच, माझ्या उघड्या तोंडासमोर. कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय माणसांना झोप लागत नाही. आधी कौशल्याबाईवर आलं. तीच ओलं फडकं मारायची गालिच्यावर, लाकूड त्यानं कुजलं, असं एकजण म्हणाला. बाई उभी राहिली.

"मी सांगितलं तेव्हा फोम होता," ती म्हणाली. "आता लाकूड झालं व्हय?"

तो खाली बसला.

मग म्हणाले, टाकी पाझरत असेल, मिस्त्रीचं काम कच्चं. चांदभाईला बोलावून आणलं. नव्वदीला टेकलेला माणूस, काठी टेकत आला. पायरीवर बसून माझ्या भिंतीवरून हात फिरवला, नखानं टोकरून बघितलं. एवढंच म्हणाला, "रंगराव म्हणाला होता, आमची मंडळी तशी नाहीत." आणि काठी टेकत गेला.

दारातून अंगण दिसत होतं. भोकावरून काढलेला पुलपिट तिथं आडवा ठेवला होता, उन्हात. कितीतरी वर्षांनी त्या सागवानाला ऊन मिळत होतं. सगळ्यांनी तिकडं बघितलं आणि सगळ्यांनी मान वळवली. कारण टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या होत्या. कुणाचं नाव घेणार? विलासचं घेतलं तर आपलंही घ्यावं लागतं. आणि शेवटी एक नाव निघालं, सगळ्यांना सोयीचं. पाळकांनी विचारलं, मान्य आहे का, आणि हात वर झाले. पाळकांचाही झाला, उशिरा, पण झाला. एका बाईचा हात खालीच राहिला.

ते नाव सांगायला माझी जीभ रेटत नाही. आधी माझं सांगते. येत्या सोमवारी मला बुजवणार आहेत. डबर येऊन पडलंय बाहेर. वर फरशी घालणार, फरशीवर गालिचा, आणि गालिच्यावर तोच पुलपिट, पॉलिश करून. मी मेले म्हणून रडत नाही. खरं तर मी आता निर्धास्त आहे, माझ्यात आता कुणी पडणार नाही. भीती वाटते ती वेगळी. माणसांना वाटतंय भोक बुजलं. पण पाणी कुठंतरी भरूनच ठेवणार ती, आणि त्याच्यावर काहीतरी चांगलं दिसणारं झाकणार, आणि कुणी बाई टाच दाबून म्हणाली, नरम लागतंय, तर पुन्हा हसणार.

एवढंच मागते. डबर टाकायच्या आधी एक दिवस मला उन्हात उघडी ठेवा. दिव्याला काठावर आणून बसवा, आजीच्या मांडीवर. तिला कोरडा तळ दिसू दे, दोन्हीकडच्या पायऱ्या दिसू देत. तिला कळू दे की मी तिला धरून ठेवलं नव्हतं. आणि खिचडी चढवा, जमलं तर.

आणि ते नाव. बैठकीत विलास उठला. त्याच्या हातात पुलपिटावरून सुटलेली संगमरवराची पाटी होती, ती तो अंगठ्यानं पुसत होता. म्हणाला, मुळात व्यासपीठाखाली टाकी खणायची हीच चूक. ज्यानं खणली, दोष त्याचा. पाळकांनी विचारलं, म्हणजे कोणाचा, नाव घ्या. माझ्या काठावर कौशल्याबाई उभी होती. ती म्हणाली, "घे की. मेलेला काय उठून भांडायला येतोय?" आणि त्या माणसानं, ज्यानं एवढा खटाटोप बापाचं नाव दिसावं म्हणून केला होता, पाटीवरची अक्षरं बघितली आणि खाली मान घालून वाचलं:

रंगराव.